शेवटची तीन गावं

बातमी दोन कॉलमांत बसत नव्हती, म्हणून साधनानं शेवटची तीन गावं काढून टाकली. अमरावतीच्या या दैनिकाच्या डेस्कवर बावीस वर्षं ती हेच करत आली होती. बातमी खालून कापायची असते, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं होतं. महत्त्वाचं ते वर, कमी महत्त्वाचं खाली, आणि जागा संपली की खालून काप. समुद्राची पातळी वाढतेय आणि कोकणातल्या एका तालुक्यातल्या अकरा गावांत भरतीचं पाणी आता घरांपर्यंत येतं, असा कुठल्याशा संस्थेचा अहवाल होता. अकरा गावांची नावं ओळीनं दिली होती. तिनं आठ ठेवली, आठव्यानंतर 'आदी गावांचा समावेश आहे' असं लिहिलं, 'अकरा गावांच्या उंबऱ्याशी समुद्र' असा मथळा दिला आणि पान छपाईला सोडलं. पान सातवं. शेजारी संत्र्याच्या फळगळीवरच्या सल्ल्याची चौकट होती, खाली टायरची जाहिरात. समुद्र तिनं आयुष्यात एकदाच पाहिला होता, कार्यालयाच्या सहलीत, आणि तेव्हाही ओहोटीमुळे तो इतका लांब गेला होता की सगळ्यांनी चिखलाचेच फोटो काढले होते.

चौथ्या दिवशी दुपारी ती नुकतीच खुर्चीत बसली होती, तेवढ्यात खालून फोन आला, की अकोल्याकडचे एक बाबा आलेत आणि सातवं पान कोण करतं असं विचारतायत. तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बातमीदारांना भेटायला लोक यायचे, निवेदनं घेऊन, हार घेऊन, कधी भांडायलाही यायचे. पण सातवं पान कोण करतं असं बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. पान कुणीतरी करतं हेच मुळात कुणाच्या डोक्यात येत नाही. ती भराभर खाली उतरली, आणि ती घाई भीतीची की दुसरी कसली हे तिला जिना संपेपर्यंत कळलं नाही.

सत्तरीच्या आतबाहेरचा माणूस होता. पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर दुपट्टा आणि मांडीवर खताच्या कंपनीचं नाव छापलेली पिशवी. नाव पुंजाजी भुयार, राहणार हिवरखेड, तालुका तेल्हारा. पहाटेच्या एसटीनं अकोल्याला गेले, तिथल्या कार्यालयात सांगितलं की हे पान इथं होत नाही, अमरावतीला होतं. मग मूर्तिजापूरवरून इकडे. "मूर्तिजापुरात गाडी दीड घंटा उभी होती," असं त्यांनी सांगितलं, उशीर त्यांच्यामुळे झाला नाही हे तिला कळावं म्हणून. मग त्यांनी पिशवीतून कात्रणं काढली आणि स्वागतकक्षाच्या काचेच्या टेबलावर एकेक करून मांडली. कडा सरळ होत्या, कात्रीनं नीट कापलेल्या. प्रत्येकावर निळ्या शाईत तारीख होती.

"हा तुमचा पेपर, बाई. याच्यात आठ गावं हायेत. हा दुसरा, याच्यात एकबी नाव नाई, नुसतं 'कोकण बुडणार' म्हनून हे एवढं मोठं. हा नागपूरचा हिंदी. याच्यात अकरा हायेत, पन नववं नाव असं लिवलं का धड वाचताच येत नाई. टीव्हीवाला म्हनते दोन हजार पन्नासमंदी सारं पान्याखाली. दुसरा टीव्हीवाला म्हनते काई होत नाई, हे बाहेरच्या देशातल्या लोकायचं कारस्थान हाये. अन् मोबाइलवर जे आलं त्याच्यात त गाय वाहून जाऊन राह्यली. ते गाव तिकडचं नाईच, मागं दुसरीच भाषा आइकू येते." त्यांनी कात्रणांच्या कडा जुळवल्या. "मले एवढंच सांगा. खाजणकोंड त्याच्यात हाये का नाई?"

ती वर गेली. मूळ मजकूर अजून संगणकात होता. नववं नाव खाजणकोंड. ती परत खाली येऊन म्हणाली, "आहे, काका. होतं. मी काढलं."

"काहून?"

"जागा नव्हती."

पुंजाजी रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. रागावलेल्या वाचकाशी कसं बोलायचं याचे ठरलेले शब्द असतात. त्यांनी फक्त मान हलवली, एसटीत जागा नाही म्हटल्यावर हलवतात तशी, आणि कात्रणं पुन्हा एकावर एक ठेवली. मग, जणू तिनं विचारलंच होतं, अशा स्वरात सांगू लागले. एकुलती पोरगी, शालू. अकोल्याला नर्सिंग शिकायला ठेवली होती. तिथं कोकणातला एक कोळ्याचा मुलगा लॅबचं काम शिकायला आला होता. दोघांनी लग्न केलं. "मी म्हटलं, माह्यासाठी तू मेली. नऊ वर्सं झाले. तिची माय चोरून फोन करे, मी वावरात गेलो का. मले मालूम होतं. मी मुद्दाम उशिरा येवो घरी. माय गेली चार वर्साआंदी, अन् तिचा मोबाइल पान्याच्या टाक्यात पडला. नंबर गेला. मंग तिकडचं काई कळन त पेपरातूनच. वादळ आलं का पाहो. समुद्राचं काईबी छापून आलं का कापून ठेवतो, पोरगी गेली तवापासून. तिच्या गावाचं नाव नऊ वर्सात पयल्यांदा आलं, तेबी हिंदीत, चुकीचं." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तुमी पेपरवाले. तुमाले खरं काय ते कळन. मी शुक्रवारी येतो पुना."

ते गेले. काचेवर त्यांच्या हाताचे ठसे राहिले. साधना वर आली तेव्हा मोर्शीच्या वार्ताहराची बातमी येऊन पडली होती, दरवर्षी याच आठवड्यात येते ती. धरण शंभर टक्के भरलं, इतके दरवाजे इतके सेंटिमीटर उघडले, मान्यवरांच्या हस्ते जलपूजन, साडी-नारळ अर्पण. फोटोत सगळे हसत होते. तिनं सवयीनं मथळा दिला, 'धरण तुडुंब. शहराची वर्षभराची चिंता मिटली', आणि मिटली या शब्दाच्या पुढे तिची बोटं थांबली. हा मथळा तिचा नव्हता. तिनं तो वाचलेला होता. पत्र्याच्या शेडसमोर, पुनर्वसनाच्या त्या उजाड माळावर, तिच्या वडलांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला होता आणि तेव्हा ती सोळा वर्षांची होती. नेरखेड नावाचं त्यांचं गाव नदीकाठी होतं, दीडशे उंबरे, माळ्यांची आळी अगदी पाण्यालगत. त्यांच्या मळ्यात वांगी व्हायची, मिरची व्हायची, दसऱ्याला झेंडू. गाव उठलं आणि त्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा भरलं. वडील मोर्शीहून पेपर घेऊन आले. शेडमधले सगळे गोळा झाले. वडलांनी बातमी वाचली, शहराची चिंता मिटली इथपर्यंत, मग कोणत्या वस्त्यांना किती पाणी मिळणार ते, मग कोण कोण उपस्थित होतं ते, आणि शेवटी 'बुडीत क्षेत्रातील काही गावे' असे चार शब्द. वडलांनी पान उलटून पाठीमागे पाहिलं. मागे सिनेमाच्या जाहिराती होत्या. त्यांनी परत पुढचं पान काढलं, बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि एक म्हातारी म्हणाली, "खुशालराव, राहून गेलं असन. उद्या छापतीन." वडील वर्षभरात गेले. साधना शिकली, आईला घेऊन अमरावतीत आली, पेपरात लागली. मुलाखतीत तिला विचारलं होतं, या क्षेत्रात काहून यावंसं वाटलं, आणि तिनं समाजसेवा असं काहीतरी सांगितलं होतं. लग्न राहून गेलं. आईही गेली, त्याला सहा वर्षं झाली. सकाळी सात वाजता नळ येतो. ती हंडा लावते. ते पाणी तिच्याच घरावरून, मळ्यावरून, मारुतीच्या ओट्यावरून आलेलं असतं, हे तिला ठाऊक असतं; पण रोज ठाऊक असलेल्या गोष्टीचा माणूस रोज विचार करत नाही. ती चहा ठेवते.

त्या दिवशी मात्र तिनं मथळ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि तो तसाच जाऊ दिला. दुसरा काय देणार होती? धरण भरलं होतं, शहराची चिंता खरोखरच मिटली होती. बातमीत खोटं काहीच नव्हतं. पूर्वीही नव्हतं. खोटं नसूनही एखादी गोष्ट कशी नाहीशी करता येते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार, ती बावीस वर्षं तेच करून पगार घेत होती. शेजारच्या टेबलावर कुणीतरी क्रिकेटचा निकाल मोठ्यानं सांगितला. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरूनच कोकणातल्या वार्ताहराला फोन लावला. तो गाडीवर होता, वाऱ्यात ओरडून बोलत होता. खाजणकोंड म्हणजे खाडीच्या तोंडाशी, तिथं आरोग्य उपकेंद्र आहे, नर्स वऱ्हाडातलीच आहे वाटतं, नंबर पाठवतो. एवढं सोपं होतं. नऊ वर्षं एका माणसानं ज्याच्यासाठी पेपर कापले ते चार मिनिटांत तिच्या मोबाइलवर येऊन पडलं. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिला कसलीशी लाज वाटली.

"उपकेंद्र खाजणकोंड, बोला." आवाज चटपटीत होता, कामातला. पाठीमागे लहान मुलं रडत होती, लसीकरणाचा दिवस असावा. साधनानं पेपरचं नाव सांगितलं, समुद्राच्या पाण्याबद्दल विचारायचंय असं सांगितलं. पलीकडून एक थकलेलं हसू आलं. "विचारा. सगळेच विचारतात. चॅनलवाले आले होते, तेव्हा ओहोटी होती. पाच तास थांबले बिचारे, आमच्याकडेच जेवले. मग भरती आली तेव्हा बायकांना म्हणाले, डोक्यावर हंडे घेऊन पाण्यात उभ्या राहा. आमच्याकडे नळ आहे हो, हंडे कशाला? पण राहिल्या उभ्या. संध्याकाळी टीव्हीवर आलं, समुद्राचा हल्ला. मागून ढोलकी वाजत होती. एक मुलगी आली होती इंग्रजी पेपरची, तिनं मात्र नीट लिहिलं म्हणतात. दोन दिवस राहिली, पाणी किती पायऱ्या चढतं ते मोजलं. पण तो पेपर इथं येत नाही. दुसऱ्या एकानं छापलं, गावकऱ्यांनी खारफुटी तोडली म्हणून ही वेळ आली. आम्ही तोडली!"

"आणि खरं काय आहे?"

"खरं काय असणार? खाडीचं पाणी अडवणारा खारबंधारा फुटलाय तीन ठिकाणी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण आलं की पाणी अंगणात येतं. पूर्वी वर्षातून एकदा यायचं, आता महिन्यातून दोनदा. तासाभरानं जातं. घर काही पडत नाही, माणूस काही वाहून जात नाही. विहिरीचं पाणी खारट झालं. पुढच्या दारातले चार माड सुकले. अंगण सुकेस्तोवर पुढचं उधाण येतं. आता याची बातमी कशी करणार तुम्ही? रोज थोडं थोडं होतं त्याची बातमी होत नाही."

उधाण हा शब्द साधनानं आयुष्यभर वापरला होता. चर्चेला उधाण, उत्साहाला उधाण, निवडणुकीच्या दिवसांत तर आठवड्यातून चारदा. पाण्यासाठी तो तिनं आज पहिल्यांदा ऐकला.

"तुमच्या पेपरनं काय छापलं?" शालूनं विचारलं.

"आम्ही तुमच्या गावाचं नाव काढलं."

"बरं केलंत," असं म्हणून ती हसली. "अमरावतीहून कशाला फोन करताय तुम्ही? कुणी सांगितलं?"

साधनानं सांगितलं. पिशवी, कात्रणं, तारखा, मूर्तिजापुरात दीड तास उभी राहिलेली गाडी. पलीकडे मुलाचं रडणं जवळ आलं, लांब गेलं, दार लागल्याचा आवाज झाला. शालू दुसऱ्या खोलीत गेली असावी. "आई गेली तेव्हा मला तेराव्यानंतर कळलं," ती म्हणाली. "मैत्रिणीनं फोटो पाठवला, हार घातलेला. बाबांनी कुणालाच मला कळवू दिलं नव्हतं. हे सांगितलं का त्यांनी तुम्हाला?"

"नाही."

"नाहीच सांगणार. त्यांना म्हणावं, गाव व्यवस्थित आहे. पाणीबिणी काही नाही. नाहीतर येतील आणि अंगणात उभे राहून म्हणतील, पाहिलं, म्हटलं नव्हतं मी? मला ते ऐकायचं नाही. आणि माझा नंबर देऊ नका, मॅडम." साधना बरं म्हणाली. फोन ठेवायची वेळ झाली होती तरी कुणी ठेवला नाही. मग इतका वेळ सरळ, बिनचूक, तिकडचं मराठी बोलणारा तो आवाज एकदम खाली आला. "बाबा जेवून राह्यले का बराबर?" शालूनं विचारलं, आणि उत्तर येण्याआधी फोन बंद केला.

शुक्रवारपर्यंतचे दिवस साधनानं ते वाक्य डोक्यात घेऊन काढले. डेस्कवर बसली की तिला वाटायचं, ही बातमी आपल्याकडे आलीय आणि जागा कमी आहे. यातलं काय ठेवायचं? गाव व्यवस्थित आहे एवढं ठेवलं तर म्हातारा शांतपणे परत जाईल, कात्रणं कापत राहील, एक दिवस कात्री बाजूला पडलेली राहील. पाणी येतंय एवढंच सांगितलं तर तो घाबरून धावेल. तेराव्याचं काढलं तर त्याचा मान राहील. शेवटचं वाक्य काढलं तर मुलीचा राहील. तिनं मनातल्या मनात तीन-चार प्रकारे मजकूर करून पाहिला आणि प्रत्येक वेळी तो कुठं ना कुठं चांगला दिसत होता, हीच गोष्ट तिला भयंकर वाटली. आणि आत, अगदी तळाशी, एक हलकटपणाही होता, तो तिला बुधवारी भाजी निवडताना सापडला: हे प्रकरण संपू नये असं तिला वाटत होतं. दोन माणसांच्या मधे उभं राहायला मिळालं होतं तिला. आईनंतर तिला कुणी कशाच्या मधे उभंच केलं नव्हतं.

शुक्रवारी पुंजाजी आले. या वेळी तिनं त्यांना समोरच्या टपरीवर नेलं, बाकावर बसवलं, चहा सांगितला. मग एकही ओळ न कापता सांगू लागली. बंधारा, उधाण, खारट विहीर, सुकलेले माड. हंडे घेऊन उभ्या केलेल्या बायका. सांगू नका म्हणाली तेही सांगितलं, आणि काहून म्हणाली तेही. पुंजाजींच्या हातातल्या चहावर साय धरली.

"तेराव्याचं सांगतलं तिनं?"

"हो."

"ते म्या तुमाले नोतं सांगतलं."

"हो."

"जागा नोती," पुंजाजी म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांनी फक्त तिचाच शब्द उचलून आपल्यासमोर ठेवून पाहिला होता. रस्त्यावरून राजापेठकडे जाणारी ऑटोंची रांग त्यांनी संपेपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "आवाज कसा हाये तिचा?"

याची तयारी तिनं केली नव्हती. चांगला आहे, असं ती म्हणाली, आणि ते उत्तर नाही हे दोघांनाही कळलं. मग तिनं ते शेवटचं वाक्य सांगितलं, जसं ऐकलं होतं तसंच, शब्द न बदलता. पुंजाजींनी चहाचा कप बाकावर ठेवला. तो कलंडला, चहा सांडला, त्यांनी पाहिलं नाही. तिनं दुसरीकडे पाहिलं. मग ते उठले, पिशवी खांद्याला लावली.

"नंबर देऊ का, काका?" तिनं विचारलं. दिलेला शब्द मोडायची तिची तयारी होती.

"नका देऊ. तिनं नाई म्हटलं ना." मग पिशवी सावरत, "गावाचं नाव त मालूम हाये मले." दोन पावलं जाऊन ते परत फिरले. "तुमी काहून केलं एवढं? आमी कोन तुमचे?"

"माझंही गाव पाण्यात आहे, काका. मोर्शीकडचं. धरणात गेलं."

"कोनतं?"

"नेरखेड."

त्यांनी आठवून पाहिलं, प्रामाणिकपणे. "आइकलं नाई जी कदी," ते म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर काहीच झालं नाही. दसरा झाला, दिवाळी झाली. दिवाळीच्या दोन दिवसांत तिनं खोली आवरली, स्वतःपुरते अनरसे विकत आणले, तेही तिसऱ्या दिवशी मऊ पडले. पुंजाजींचा फोन आला नाही आणि तिनंही केला नाही. त्यांच्या गोष्टीतलं तिचं काम संपलं होतं. फक्त एक सवय राहिली. कार्यालयात येणारे सगळे पेपर ती आता खालून वर वाचू लागली. मोबाइलवर समुद्र आला की थांबू लागली. एका चॅनलवर दोन माणसं समुद्राच्या पातळीवरून एकमेकांवर ओरडत होती आणि मधल्या चौकटीत कुठल्या तरी परदेशी किनाऱ्याच्या लाटा पुन्हा पुन्हा आपटत होत्या. एका पेपरानं नकाशात निम्मं कोकण निळं रंगवलं होतं. एकानं खारट हवेत त्वचेची काळजी कशी घ्यावी हे छापलं होतं. सगळ्यांत ती नववं नाव शोधत होती. तिला कळलं की पुंजाजी नऊ वर्षं रोज सकाळी काय करत होते, आणि तेही कळलं की नेरखेडच्या नावासाठी असं पान उलटून पाहणारं आता कुणी नाही. ते करणारा एक माणूस होता, माळावर, पत्र्याच्या शेडपुढे. डेस्कवर ती याद्या कापेनाशी झाली. मथळा लहान करायची, फोटो अर्धा इंच दाबायची, पण गावं ठेवायची. मुख्य उपसंपादक एकदा म्हणाले, "मॅडम, एवढी गावांची यादी कोण वाचतं?"

"वाचतात," ती म्हणाली. त्यांनी खांदे उडवले.

डिसेंबरातल्या एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ऊन खिडकीतून पलंगापर्यंत आलं होतं, ती मेथी निवडत बसली होती, आणि फोन वाजला. नंबर तिनं कधी साठवला नव्हता तरी पाठ होता.

"ताई, मी शालू." मॅडमची ताई झाली होती. "बाबा आलेत इकडे. महिना झाला."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. तीन दिवस पडवीत बसून होते. मी वाटच पाहत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. चौथ्या दिवशी उधाण आलं. पाणी अंगणात आल्यावर पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढून उतरले आणि माझ्या मुलाची सायकल उचलून आत आणली. मग म्हणाले, शालू, तुह्या मायले म्या पाहू नाई देलं तुले. एवढंच. मी त्यांना माफबीफ काही केलेलं नाही, ताई. राग येतो अजून, ताट वाढतानासुद्धा येतो. पण वाढते." पाठीमागे कोंबडं आरवलं, कुणीतरी दूर काही ठोकत होतं. "तुम्हाला एक विचारायचं होतं. बाबा म्हणाले तुम्हाला विचार, त्यांचं गाव गेलंय. आम्ही पावसाळ्याआधी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर जातोय, जागा बघितलीय. हे घर खालीच राहणार. इथं आजवर कुणी घर सोडलेलं नाही, कसं करतात कुणालाच ठाऊक नाही. पेपरात पाणी किती येणार ते येतं, हे येत नाही. तुम्ही निघालात तेव्हा पहिल्यांदा काय काढलं?"

साधनाच्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली. तेहतीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आई आणि ती एकाच खोलीत इतकी वर्षं राहिल्या, पण त्या दिवसाबद्दल बोलल्या नव्हत्या. आई नळ आला की आत निघून जायची, एवढंच. साधनाला वाटलं होतं आपल्याला आता ते आठवतही नाही. तिनं जुडी खाली ठेवली.

"दार," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी आधी दार काढलं. चौकटीसकट. सागाचं होतं, नव्या घराला लावू म्हणाले. काढायला अर्धा दिवस गेला."

"दार," शालू म्हणाली. ती लिहून घेत असावी.

"आणि दार निघाल्यावर घरात एवढा उजेड आला. कधीच आला नव्हता तेवढा. चुलीमागं कायम काळोख असायचा आमच्या. तिथली जळमटं दिसली, धुरानं काळी झालेली, कोपऱ्यात लोंबत होती. आई बोचकं डोक्यावर घेऊन निघाली होती. तिनं ते खाली ठेवलं आणि झाडू घेतला."

पलीकडचं ठोकणं थांबलं होतं.

"मग?"

"मग सगळं घर झाडलं तिनं," साधना म्हणाली. "गाडी उभी होती, लोक हाका मारत होते. तिनं कोपरा न् कोपरा झाडला, आणि केर भरून बाहेर नेऊन टाकला."